आप्पांची थ्री नॉट थ्री

पिट्सबर्ग

चि. निनाद,



तुझे फोटो मिळाले. विसार दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर आधी मला फोन कर आणि मग पुढचं वाच.

कोलंबसच्या गन शोमध्ये एका टेबलावर भारतीय फौजेची रायफल दिसली, तिला 'थ्री नॉट थ्री, आफ्रिकेच्या आघाडीवरची' अशी चिठ्ठी बांधलेली होती, आणि ती पाहून तुला आप्पा आठवले. साहजिक आहे. आप्पा म्हणजे माझे आजोबा, तुझे पणजोबा. १९४१ साली मराठा पलटणीतून ते एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर लढले. घरी त्यांचा गणवेशातला फोटो आला, पदकं आली, पेन्शन आली. बंदूक आली नाही, येणारही नव्हती. शिपाई घरी जातो, रायफल कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा होते. तिथून ती दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, कारखान्यात जाते, तिची नळी बदलते, दस्ता बदलतो, कधी बोल्टवर नवा नंबर पडतो. आप्पांनी ज्या रायफलीनं निशाणा धरला ती नेमकी रायफल तुला मिळणार नाही, हे आधी मनाशी पक्कं कर. एकदा ते पक्कं झालं की कुठलीही चिठ्ठी तुझ्या खिशाला हात घालू शकत नाही. त्याच कारखान्याची, त्याच नमुन्याची, त्याच सालची रायफल मात्र मिळू शकते, आणि तेवढं पुरे आहे असं माझं मत आहे.

आता तुझ्या फोटोंकडे येते. तिसऱ्या फोटोत, बोल्टच्या मुठीखाली, दस्ता जिथे धातूच्या खोबणीत बसतो त्या उजव्या बाजूला कोरलेलं मोठं करून पाहा. तिथे अशोकस्तंभाचा सिंह आहे, मुकुट नाही. खाली 'आर.एफ.आय.', १९६६ आणि '२ए१'. काडतुसांची पेटी खालून चौकोनी आहे. आप्पांच्या वेळच्या रायफलीची पेटी तिरकी उतरत पुढे येते. मागच्या साइटची पट्टी ८०० वर संपते; जुन्या रायफलीची २००० यार्डांपर्यंत जाते. थोडक्यात, ही थ्री नॉट थ्री नाहीच. ही ७.६२ मिलिमीटरची रायफल आहे. १९६२ ला नेफात आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊन चिनी फौजेपुढे उभे राहिले. त्यानंतर इशापूरनं जुन्याच नमुन्यावर, पण अधिक चांगल्या पोलादाची आणि नव्या ७.६२ काडतुसाची ही रायफल घडवली. केरेनची लढाई झाली त्यानंतर पंचवीस वर्षांनी ती जन्मली. टेबलामागचा माणूस खोटारडा असेलच असं नाही. त्यालाही कुणीतरी तीच कथा सांगून विकली असेल. पण दस्त्याच्या गळ्याशी कोरलेलं वाचायचे कष्ट त्यानं घेतलेले नाहीत आणि चिठ्ठीवर काडतूसही चुकीचं लिहिलं आहे. ज्याला स्वतःच्या मालाचं काडतूस माहीत नाही त्याच्याकडून पहिली रायफल घेऊ नये.

२ए१ वाईट रायफल आहे असं मात्र समजू नकोस. मजबूत आहे, काडतूस मिळतं, आणि भारतीय हातांनी घडवलेली फौजी बोल्ट रायफल म्हणून मला तिचं कौतुकही आहे. १९६६ ची म्हणून, १९६६ च्या रायफलीच्या किमतीला कुणी देत असेल तर अवश्य पाहा. तिच्यात फौजी ७.६२ चालावं म्हणून ती बनवली होती. दुकानात मिळणारं शिकारीचं जोरकस .३०८ मी तिच्यात घालत नाही, तूही घालू नकोस.

रायफल निवडण्याआधी कागद. तुला हे कंटाळवाणं वाटेल, पण आपल्या लोकांना हे कुणी सांगत नाही म्हणून मी लांबवणार आहे.

तुझं ग्रीन कार्ड हाती आलं आहे ना? 'मंजूर झालं' आणि 'हाती आलं' यात मी फरक करते, कारण दुकानदार करतो. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्यानं बंदूक किंवा काडतूस बाळगायची मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं असे थोडे अपवाद आहेत. कायम रहिवाशाला ही मनाई नाही. दुकानात तू ४४७३ नावाचा फॉर्म भरशील. त्यात नागरिकत्वाचा रकाना आहे, तुझ्या कार्डावरचा नंबर लागतो, आणि ओहायोच्या ओळखपत्रावर सध्याचाच पत्ता लागतो. घर बदललंस आणि लायसन्सवरचा पत्ता जुना राहिला तर तिथेच गाडं अडतं. मग दुकानदार तुझं नाव संघीय यंत्रणेकडे तपासायला पाठवतो. बहुतेक वेळा काही मिनिटांत होकार येतो. सामान्य भारतीय आडनावांच्या माणसाला कधी थांबायला सांगतात; त्यात अपमान मानू नये.

त्याच फॉर्मवर गांजाचा प्रश्न आहे. ओहायोनं २०२३ मध्ये मतदानानं गांजा कायदेशीर केला, पण तो फॉर्म वॉशिंग्टनचा आहे आणि वॉशिंग्टनच्या दृष्टीनं तो अजून बेकायदा आहे. मी चौकशी करत नाही. फक्त एवढंच सांगते की तिथे खोटं उत्तर देणं हा गंभीर गुन्हा आहे आणि तू अजून नागरिक झालेला नाहीस.

ओहायोत दोन खासगी माणसं आपसात बंदूक विकू शकतात, मध्ये दुकानदार लागत नाही. तरीही तू पहिली खरेदी दुकानदारामार्फतच कर. थोडी फी जाईल, पण व्यवहाराची नोंद राहील. उद्या न्यू जर्सीत नोकरी लागली तर तिथे पोलिसांकडून आधी ओळखपत्र काढावं लागतं. कॅलिफोर्निया, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, प्रत्येकाचं निराळं. राज्य बदलण्याआधी त्या राज्याचा कायदा वाच, सामान भरल्यावर नव्हे.

आणखी दोन गोष्टी घरातल्या. तुझा रूममेट अजून एच-१बी वर आहे. रायफल सोफ्यामागे उभी राहिली आणि त्याचा तिच्यावर ताबा आहे असा अर्थ कुणी काढला, तर खेटे त्याला घालावे लागतील. म्हणून कुलूपबंद कपाट आधी आण आणि किल्ली फक्त तुझ्याकडे ठेव. दुसरं, दादा-वहिनी उन्हाळ्यात येतील. दादाला रेंजवर नेऊन एक फैर झाडू द्यायचा मोह तुला होणार, मी माझ्या भावाला ओळखते, तो स्वतःच मागेल. पण तो पर्यटक व्हिसावर आलेला असेल, आणि ती मनाई त्यालाही आहे. त्याला बघू दे, फोटो काढू दे, वाद घालू दे. हातात देऊ नकोस.

हे कागद आले कुठून याची एक गोष्ट आहे, आणि तिचा केरेनशी चमत्कारिक संबंध आहे. आप्पांच्या समोरच्या इटालियन शिपायांच्या हातात कारकानो रायफली होत्या. युद्ध संपल्यावर युरोपातली कोठारं रिकामी करून असला माल जहाजांनी अमेरिकेत आला आणि टपालानं घरपोच विकला जाऊ लागला. १९६३ च्या मार्चमध्ये ली हार्वे ऑस्वाल्डनं शिकागोच्या एका दुकानाच्या जाहिरातीतून, खोट्या नावानं, दुर्बिणीसकट एक कारकानो १९.९५ डॉलरला मागवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिच्याच गोळीनं केनेडी गेले. १९६८ च्या कायद्यानं टपालविक्री थांबली आणि जुन्या लष्करी बंदुकांची आयातही बंद झाली. १९८४ मध्ये ती दारं जुन्या, संग्राह्य ठरलेल्या बंदुकांपुरती पुन्हा उघडली. मात्र नंतर आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव आणि गाव कोरावं लागतं. म्हणून नळीवर किंवा धातूच्या अंगावर व्हर्मॉंटच्या एखाद्या आयातदाराचं नाव बारीक अक्षरात दिसलं तर घाबरू नकोस. ज्यावर ते नाव नाही ती रायफल बहुधा १९६८ च्या आधी आली किंवा कुणा सैनिकाच्या सामानातून आली, आणि संग्राहक तिला जास्त पैसे देतात. तुला पहिल्या खेपेला ते जास्तीचे पैसे द्यायचं कारण नाही. शिक्का असलेली चांगली नळी ही शिक्का नसलेल्या गंजक्या नळीपेक्षा बरी.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या बंदुकांसाठी संग्राहकाचा एक संघीय परवाना असतो. तीन वर्षांचे तीस डॉलर. तो असला की दुसऱ्या राज्यातून अशी बंदूक थेट आपल्या पत्त्यावर मागवता येते, मात्र प्रत्येक खरेदी-विक्रीची वही ठेवावी लागते. हौस टिकली तर पुढे काढ. त्या परवान्यावर धंदा करता येत नाही.

आता कुठली रायफल. तुझे मित्र रशियन मोसिन सुचवतील. एके काळी ती ग्रीसनं माखलेली, शंभर डॉलरच्या आत मिळायची, म्हणून प्रत्येकाची पहिली तीच असायची. ते दिवस गेले, आणि २०२१ पासून रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवानेही थांबले. अमेरिकन गॅरंड उत्तम, पण त्या विकणारी सीएमपी ही संस्था नागरिकत्वाचा पुरावा मागते. तेव्हा नागरिक झाल्यावर त्यांच्या कॅम्प पेरीच्या दुकानात जा, तुझ्याच राज्यात आहे. स्प्रिंगफील्ड १९०३ आवडली तर नंबर बघ. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० च्या खालच्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या खालच्या रायफलींचं पोलाद भट्टीत जास्त तापल्यामुळे ठिसूळ निघालं होतं. त्या भिंतीवर शोभतात, रेंजवर नाही. जपानी आरिसाका दणकट, काडतूस महाग. तुझं मन थ्री नॉट थ्रीवर आहे, आणि मलाही तेच योग्य वाटतं.

आप्पांच्या नमुन्याला आज नंबर १ मार्क ३ स्टार म्हणतात. मूळ मार्क ३ आला १९०७ मध्ये. पहिल्या महायुद्धात घाईनं रायफली हव्या होत्या, म्हणून काडतुसांचा अडसर, लांब पल्ल्याच्या साइट असलं सामान काढून टाकलं, आणि तो स्टार. इंग्लंडात एनफिल्ड, बर्मिंगहॅम, ऑस्ट्रेलियात लिथगो, आणि कोलकात्याजवळ हुगळीकाठी इशापूर इथे त्या बनल्या. तुला हवी ती इशापूरची, मुकुट आणि 'जी.आर.आय.' अशी अक्षरं असलेली, १९४० च्या आगेमागच्या सालाची. राजा जॉर्ज आपल्याकडे सम्राटही होता, म्हणून तो तिसरा 'आय'. दुसऱ्या महायुद्धातली नंबर ४ जास्त सोपी, जास्त अचूक, आणि इंग्लंडखेरीज कॅनडात लॉंग ब्रांच इथे आणि अमेरिकेत सॅव्हेज कंपनीनं बनवलेली असल्यानं इथे सहज मिळते. नुसती नेमबाजी करायची असती तर मी नंबर ४ च घे म्हटलं असतं.

मी नोकरी केली ती मोजमापाच्या खात्यात, त्यामुळे पुढच्या गोष्टीत माझा हट्ट चालवून घे. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला मागे कड असते आणि ते त्या कडेवर टेकून नळीत बसतं. बोल्टचं डोकं आणि ती टेकायची जागा यांतलं अंतर वाढलं तर झाडताना काडतुसाची पितळ ताणली जाते, आणि फार वाढलं तर मागच्या अंगाला तुटते. मग गरम वायू मागे येतो, आणि मागे तुझा चेहरा असतो. हे अंतर मोजायला पोलादी गेज मिळतात. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बोटाच्या जोरानं सहज बंद व्हायला हवा, आणि ०.०७४ वर बंद होता कामा नये. फरक एका इंचाच्या शंभराव्या हिश्शाचा, डोळ्यानं कधीच कळणार नाही. 'झाडून पाहिली आहे, उत्तम चालते' हे वाक्य गेजच्या जागी चालत नाही. नंबर ४ मध्ये बोल्टची डोकी ० ते ३ अशा क्रमांकांची, उत्तरोत्तर लांब असतात, त्यामुळे अंतर वाढलेलं असेल तर दुरुस्ती जमते. नंबर १ मध्ये तशी सोय नाही. डोकी जमवून जमवून लावावी लागतात. म्हणून नंबर १ घेताना मोजूनच घ्यायची.

बोल्टचा नंबर आणि अंगाचा नंबर एकच आहे का ते पाहा. बोल्टवर तो मुठीच्या मागे असतो. नंबर १ च्या नळीवर, साइटच्या पट्टीखाली आणि पुढच्या टोपीवरही तोच असला तर छान. बोल्टचा नंबर खोडून दुसरा मारलेला असेल तर तो कारखान्यातल्या दुरुस्तीतलाही असू शकतो, भारतात हे सर्रास व्हायचं, 'एफ.टी.आर.' असा शिक्काही मिळेल. अशी रायफल मी नाकारणार नाही. पण बोल्टवर भलताच नंबर असेल तर गेजशिवाय हात लावू नकोस.

मग नळी. बोल्ट काढून, मागून प्रकाश टाकून बघ. आटे काठाशी धारदार दिसले पाहिजेत. थोडा काळपटपणा चालतो, खड्डे चालत नाहीत. नंबर १ मध्ये पाच आटे असतात. युद्धकाळातल्या काही नंबर ४ मध्ये फक्त दोन असतात. ती मोडतोड समजू नकोस, तशाच बनवल्या होत्या आणि त्या बऱ्या चालतात. नळीचं तोंड महत्त्वाचं. फौजेत नळी साफ करायची दोरी, म्हणजे पुलथ्रू, ओढून ओढून तोंडाशी नळी एका अंगानं झिजते. एक काडतूस उलटं धरून त्याची गोळी तोंडाशी आत घाल. पितळेपर्यंत गडप झाली तर त्या रायफलीचा निशाणा तुझ्या हयातीत लागणार नाही.

लाकडाबद्दल एक सांगते, कारण इथे नवशिके अख्खी रायफल वाया घालवतात. नंबर १ चा मागचा दस्ता ढिला वाटला की माणूस मागून लांब पेचकस घालून आतला बोल्ट फिरवतो. त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी उतरवलं नाही तर ते फिरताना तडकतं, आणि तडा नेमका त्या जागी जातो जिथे धक्का झेलला जातो. तेव्हा घेताना तिथे मागच्या बाजूनं तडा, गोंदाचा डाग, भुसा भरलेला दिसतो का पाहा. इशापूरच्या लाकडातून आडवा एक स्क्रू आरपार गेलेला दिसला तर मात्र तो दोष नाही. लाकूड फाटू नये म्हणून कारखान्यानंच तो घातला आहे, आणि माझ्या मते तो त्या रायफलीचा खरा ओळखीचा डाग आहे. तांब्याच्या तारेनं पुढचा भाग गुंडाळलेला असेल तर ती ग्रेनेड फेकायला वापरलेली रायफल. मी ती पहिल्या खेपेला घेणार नाही.

काही माल असाही असतो जो घ्यायचाच नाही. 'डी.पी.' असा शिक्का म्हणजे फक्त कवायतीसाठी. फर्ग्युसनच्या मैदानावर एनसीसीत तुझ्या खांद्यावर जी होती तीच जात. त्या झाडायच्या नसतात, कुणी शिक्का भरून टाकला असला तरी. इशापूरनं काही रायफली आटे नसलेल्या .४१० नळीच्या, एकावेळी एकच काडतूस घेणाऱ्या केल्या होत्या, पोलीस आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी. त्या थ्री नॉट थ्री म्हणून विकायला येतात. 'जंगल कार्बाइन' हे नाव ऐकलंस की सावध हो. खरी नंबर ५ ही १९४४ ते १९४७ या काळात इंग्लंडात बनली आणि तिच्या धातूत वजन कमी करण्यासाठी मुद्दाम खाचा काढलेल्या असतात. नंबर १ च्या किंवा २ए१ च्या अंगावर कार्बाइन दिसली तर ती व्यापाऱ्यांनी इथे कापून केलेली. आणि खैबरकडच्या गावठी नकला! अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांबरोबर त्या खूप आल्या. मुकुटाखाली 'व्ही.आर.' आणि साल १९१२, अशी एखादी भेटली तर हसून ठेवून दे. व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्येच गेली होती. त्या पोलादाची हमी कुणी देत नाही.

कापून शिकारीच्या केलेल्या रायफली स्वस्त मिळतात. त्यांना पुन्हा मूळ रूप द्यायचा खर्च रायफलीपेक्षा जास्त होतो, हे ध्यानात ठेवून घे किंवा घेऊ नकोस.

काडतुसांबद्दल तुला आवडेल असं एक आहे. जुन्या थ्री नॉट थ्रीच्या पितळेच्या बुडावर कधी 'के', 'एफ', साल आणि ७ असा शिक्का दिसतो. ते 'केएफ' म्हणजे आपली खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि त्यातला सात म्हणजे १७४ ग्रेनची मार्क सात गोळी. जुन्यांत आत दाणेदार दारूऐवजी शेवयांसारख्या कॉर्डाइटच्या कांड्या निघतात. पुण्यात वाढलेल्या पोरानं ओहायोत खडकीचं काडतूस हातात धरावं यात गंमत आहे. पण झाडू नकोस, जपून ठेव. इतक्या वर्षांनी टोपीतली रसायनं आळसावतात. चाप ओढल्यावर क्षणभर काही होत नाही आणि मग उडतं, तोवर नवशिक्यानं नळी भलतीकडे फिरवलेली असते. असं झालं तर निशाण्याकडे नळी धरून अर्धा मिनिट तसाच थांब. पाकिस्तानी जुन्या काडतुसांची याबाबत कुप्रसिद्धी आहे. झाडायला नवी, सर्बियाची प्रवी पार्टिझान किंवा चेक सेलियर अँड बेलो घे.

जुनी फौजी काडतुसं कधी झाडलीसच तर त्याच दिवशी नळी धू. त्यांच्या टोप्यांतून क्षार मागे राहतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि रातोरात गंज चढतो. तेलानं क्षार निघत नाही, पाण्यानं निघतो. उकळतं पाणी नळीतून ओतायचं, कोरडी चिंदी फिरवायची, मग तेल. आप्पांच्या पिढीला हे कवायतीत शिकवायचे. लाकडाला पॉलिश, वार्निश, सँडपेपर काहीही नको. कच्चं जवसाचं तेल हातानं चोळ, थोडं आणि वरचेवर. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, त्या आपोआप पेटतात. बाहेर पसरून वाळव.

पहिल्या दिवशी कानांना आणि डोळ्यांना संरक्षण लावून, कुणा जाणत्याला बरोबर घेऊन जा. शंभर यार्डांवर गोळी वर लागेल, कारण साइट दोनशेपासून सुरू होते. खांदा दुखेल, पितळेची बटप्लेट दयाळू नसते. तेवढ्यात घाबरून चाप झटक्यानं ओढायची सवय लावून घेऊ नकोस.

भारतात न्यायचा विचार मनात आणू नकोस. तिथे थ्री नॉट थ्री हा निषिद्ध बोअर आहे. इंग्रजांनी फौजेचं काडतूस रयतेच्या हाती पडू नये म्हणून जी रेघ ओढली ती आजही आहे. म्हणूनच इशापूरची परवान्यावर मिळणारी शिकारी रायफल .३१५ ची असते. दादाला हवा तर फोटो पाठव.

घरात ठेवण्याबद्दल एकच. काडतुसं वेगळ्या कुलपात. या देशात बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि त्यांपैकी पुष्कळ घरातल्याच बंदुकीनं. तू, रूममेट, घरी येणारा कुणीही वाईट दिवसातून जात असेल, तर रायफल काही महिने माझ्याकडे आणून ठेव. मी कारण विचारणार नाही. राज्याची हद्द ओलांडून आणायची म्हणून मात्र आधी फोन कर, ते कसं करायचं तेही नियमात बसवून करू.

माझं म्हणणं एवढंच की त्या टेबलाकडे परत जाऊ नकोस. एप्रिलमध्ये ओक्लाहोमात टल्साला मोठा शो भरतो, आतोबा आणि मी जाणार आहोत, तूही ये. गेज मी आणते. पैसे तुझे तू आण, आणि शनिवारी सकाळी लवकर पोच, रविवारी दुपारी चांगला माल गेलेला असतो. जो विक्रेता बोल्ट काढून नळी पाहू देणार नाही, गेज लावू देणार नाही, त्याचे आभार मानून आपण पुढच्या टेबलाकडे जाऊ.

तुझी,
आत्या

ता. क. लायसन्सवरचा पत्ता आजच बदलून घे. टल्साला मनासारखी रायफल मिळाली तर ओक्लाहोमाच्या दुकानदाराकडेही तोच फॉर्म आणि तेच ओळखपत्र लागेल. इशापूर मिळाली नाही तर रिकाम्या हातानं परत यायची तयारी ठेव.